जिल्ह्याचे लोक आणि आमची कादंबरी

आमच्या शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, चांदा जिल्ह्याच्या १९०९ सालच्या गॅझेटिअरची एक प्रत आहे. पुठ्ठा निखळलेला, पाने पिवळी पडलेली. माझे शिक्षण मॅट्रिकचे. त्यामुळे हा इंग्रजी ग्रंथ मी शेजारी कोश ठेवून, दिवसाला एक-दोन पाने पुरवीत, दोन पावसाळ्यांत वाचून काढला. ग्रंथ चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. डोंगर, नद्या, खडक, राजेरजवाडे, मग लोक, मग शेती, जंगल, सारा अशा क्रमाने तो चालतो. लिहिणारे साहेब होते, पण आळशी नव्हते. पायाखालून घातलेल्या मुलुखाविषयी माणूस ज्या खात्रीने बोलतो ती खात्री त्यांच्या वाक्यांत आहे.

माझी अडचण त्यातल्या लोकांच्या प्रकरणापाशी सुरू होते. तेथे एकेक जात, एकेक जमात घेऊन तिची संख्या, तिचे कूळ, तिच्या लग्नाच्या चाली, तिची दैवते, तिचा धंदा आणि शेवटी एक-दोन वाक्यांत तिचा स्वभाव सांगितला आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत तर जाती वर्णानुक्रमानेच लावल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७३ साली चंद्रपूरचे गॅझेटिअर नव्याने काढले. त्याची भाषा अधिक समंजस आहे, पण घडण फारशी बदललेली नाही. गोंड संपले की कुणबी, कुणबी संपले की कोहळी, त्यांच्यामागे माना, ढीवर, कोलाम. प्रत्येकाचे घर वेगळे आणि दोन घरांच्या मध्ये भिंत.

ही अडचण सरकारी असती तर मी तिच्यासाठी दिवाळी अंकाची पाने मागितली नसती. ती वाङ्मयीन आहे. जिल्ह्याविषयी कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताखाली नकळत हीच घडण येते. माझ्या हाताखाली ती आली होती. त्याची कबुली पुढे देणारच आहे.

माझी पहिली नेमणूक वैनगंगेपलीकडच्या एका गावी होती. तेथे आठवड्याचा बाजार भरे. रानातून आलेली माडिया माणसे चारोळी आणि मोहफुले घेऊन बसत. तेलुगू बोलणारा व्यापारी पायलीने माप घेई. बुरूड टोपल्या मांडी, ढिवराच्या बायका सुकी मासळी विकत, आणि बंगाली वस्तीतला माणूस सायकलीवर भाजीच्या पाट्या बांधून येई. गॅझेटिअरमध्ये या प्रत्येकाला जागा आहे. बाजाराला मात्र हाटांच्या यादीतली एक ओळ तेवढी मिळते, गावाचे नाव आणि वार. माडिया माणूस व्यापाऱ्याशी कोणत्या भाषेत भाव करतो, चारोळी किती आणि मीठ किती हे कोण ठरवितो, बंगाली बाईने ‘मोह’ हा शब्द कुणाकडून उचलला, हे त्या प्रकरणात कोठेही येत नाही. आणि कादंबरीचा विषय तर नेमका हाच आहे.

जिल्हा म्हणताना माझ्या मनात जुना, अखंड चांदा असतो. हा जिल्हा कोणा एका लोकसमूहाने घडविलेला नाही, कचेऱ्यांनी जोडून जोडून तयार केलेला आहे. १७५१ साली गोंड राजांचे चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि पुढे शंभर वर्षांनी इंग्रजांकडे. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला तेव्हा सिरोंचा चांद्याला येऊन मिळाला आणि त्याच्याबरोबर प्राणहिता-गोदावरीच्या काठची तेलुगू भाषा आली. राजुरा निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली आमच्याकडे. पुढे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आज मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत मोडणाऱ्या भागात झाल्या आणि धानाच्या बांध्यांशेजारी बंगालीतून बोलणारी गावे उभी राहिली. कोरची-कुरखेड्याच्या बाजूला छत्तीसगढीचा शेजार आहे. दगडी कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि आमच्या भद्रावतीची आयुध निर्माणी यांनी हिंदुस्थानच्या चारी दिशांची माणसे आणली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्या नव्या जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली आणि तीत सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. उरलेल्या चंद्रपुरात हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे.

तेव्हा या जिल्ह्याची ‘एक संस्कृती’ शोधू नये. व्याख्यानांतून ती शोधली जाते आणि मग वाघ, बांबू आणि मोहाचे फूल एवढेच हाती लागते. पण म्हणून येथे नुसते शेजारी राहणारे अनोळखी लोक आहेत असेही नव्हे. एकमेकांशी वागण्याच्या काही रीती येथे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या आहेत. कोणी कोणाची भाषा शिकायची, कोणाच्या देवाला कोणी नारळ द्यायचा, कोणाच्या हातचे पाणी कोठे चालते आणि कोठे चालत नाही. त्यांतल्या काही रीती प्रेमाच्या आहेत, काही सोयीच्या आणि काही सरळ अन्यायाच्या. जिल्ह्याची संस्कृती पाहायची तर या रीतींत पाहावी असे मला वाटते.

आता मराठी कादंबरीकडे वळू. प्रादेशिक कादंबरी म्हणून आपण ज्या कृतींची नावे अभिमानाने घेतो त्या ध्यानात आणाव्यात. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा. दांडेकरांची ‘पडघवली’ आणि माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ च्या. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. या चारही कादंबऱ्या मी पुनःपुन्हा वाचल्या आहेत आणि ‘धग’मधली कौतिक तर मला आमच्याच गल्लीतली वाटते. त्यांचे सामर्थ्य कशात आहे? एक माती आणि त्या मातीची एक बोली यांत. निवेदन प्रमाण मराठीत किंवा त्याच बोलीच्या वळणाने, संवाद बोलीत. वाचकाला बोलीची थोडी सवय झाली की तो त्या गावचा होतो. भांडणे होतात, माणसे उद्ध्वस्त होतात, पण भांडणारे एकमेकांना शब्दशः समजतात.

शिक्षक म्हणून ‘बनगरवाडी’कडे मी विशेष ओढला गेलो, हे सांगायला नकोच. तीत तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तो परका आहे, आणि या परकेपणामुळेच त्याला वाडी दिसते. हा घाट इतका सुंदर आहे की आमच्यासारख्या प्रत्येक लिहिणाऱ्या मास्तराला तो उचलावासा वाटतो. पण माणदेशातला मास्तर आणि धनगर यांच्यात अंतर कितीही असले तरी मराठी दोघांची आहे. कारभारी आपल्या मनातले सांगू लागला की मास्तराला ते कळते. आमच्याकडे भामरागडच्या बाजूला गेलेल्या मास्तराला काय कळते? त्याच्याशी मराठीत बोलले गेलेले तेवढेच. गाव आपसात जे बोलते, हसते, ठरविते ते त्याच्या कानांवरून वाहून जाते. मास्तराला निवेदक केले की कादंबरीचा कान मास्तराचा होतो, आणि जे त्याला ऐकू येत नाही ते कादंबरीतून कायमचे नाहीसे होते.

याचा परिणाम संवादांत दिसतो. आमच्या भागावरच्या मराठी कथांतून आणि कादंबऱ्यांतून आदिवासी माणूस फार वेळा मोडके मराठी बोलतो. लिंग चुकलेले, क्रियापद भलतीकडे गेलेले, दोन शब्दांत एक ‘साहेब’. लेखकाचा हेतू बहुधा वास्तवाला धरून राहण्याचा असतो, सहानुभूतीही खरी असते. परंतु वाचकाच्या मनात जे उमटते ते मूल उमटते. साठ वर्षांचा, रानाची खडान्‌खडा माहिती असलेला, घरी माडिया, बाजारात तेलुगू आणि कचेरीत थोडे मराठी बोलणारा माणूस कागदावर भाषा न येणारा माणूस होऊन बसतो. त्याच्यासमोरचा अंमलदार एकच भाषा जाणतो आणि तो मात्र अस्खलित ठरतो. आमच्या जिल्ह्यात ज्याचे बळ कमी त्याला भाषा अधिक येतात, कारण त्या शिकल्याशिवाय त्याचे चालत नाही. ही गोष्ट कादंबरीत उलटी होऊन येते.

या पार्श्वभूमीवर विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीकडे पाहावे. बाबा आमट्यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या कामात वर्षानुवर्षे राहिलेल्या लेखकाची ही कादंबरी आहे. तिचे मोठे यश असे की कॅमेरा घेऊन बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेने ती लिहिलेली नाही. माडिया तरुण तिच्या मध्यभागी आहे, आणि साधा माणूस बंदुकीपर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जातो हे ती घाई न करता दाखविते. त्या पायऱ्या जंगलखात्याच्या, पोलिसांच्या, ठेकेदारांच्या दारांवरून जातात, आणि तसे लिहायला त्या काळी धैर्य लागत होते. माझी शंका एवढीच, की अशा संघर्षप्रधान रचनेत समोरच्या बाजूची माणसे हुद्द्यांनी ओळखली जातात. आमच्या भागातला वनरक्षक हाही पुष्कळदा वैनगंगेकाठच्या धानवाल्या कुणब्याचा, माना शेतकऱ्याचा किंवा गोंडाचाच मुलगा असतो. नोकरीने त्याला सरकारच्या बाजूला उभे केलेले असते. त्याच्या घरी काय बोलतात? ही बाजू अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. उणीव एकट्या या कादंबरीची नाही, आम्हा सर्वांची आहे.

डॉ. प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ते फार शिकविते. दवाखाना उघडल्याबरोबर रोगी आले नाहीत. डॉक्टर पतिपत्नींना आधी माडिया भाषा शिकावी लागली. पोट कोठे दुखते हे रोग्याने आपल्या भाषेत सांगायचे आणि डॉक्टरने ते समजून घ्यायचे, एवढी साधी ही गोष्ट. आमच्या किती लेखकांनी लिहिण्यापूर्वी एवढे केले? हात वर करायचा झाला तर माझा वर जाणार नाही.

म्हणून आता ती कबुली. काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एक म्हातारा माडिया आहे. तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसतो आणि मास्तराशी बोलतो, ‘आमी काय जानते, साहेब, तुमी मोटा मानूस.’ परीक्षणे बरी आली. एका परीक्षणात या म्हाताऱ्याच्या ‘निरागस’ बोलण्याची विशेष तारीफ होती, ती मी घरी मोठ्याने वाचून दाखविली. पुढच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता स्वतः आश्रमशाळेत शिकवितो. त्याने पुस्तक वाचले होते. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, “गुरुजी, आजा असा का बोलतो?”

त्याचा आजा मी पाहिलेला होता, आणि कादंबरीतला म्हातारा त्याच्यावरूनच घेतलेला होता. त्या आजाकडे चार गावांची भांडणे येत. तो अर्धा-अर्धा दिवस बोलायचा, मध्येच एखादी जुनी गोष्ट सांगायचा आणि शेवटी दोन्ही पक्ष मान्य करतील असा शब्द काढायचा, हे मला मागाहून नातवाने सांगितले. मी त्या गावी चार वर्षे होतो. आजाला बोलताना मी शेकडो वेळा पाहिले होते, ऐकले मात्र नव्हते.

तेवढ्यावर थांबता आले असते, पण त्या प्रश्नाने आणखी एक आठवण उकरून काढली. त्याच शाळेत झाडीपट्टीतली मुले होती. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळा हा ‘डोरा’ आणि पाणी हे ‘पानी’. मुलाने वहीत ‘डोरा’ लिहिले की मी तांबड्या शाईने गोल करीत असे. व्याकरण शिकविणे हे माझे काम होते, त्याबद्दल मला खंत नाही. पण ‘ही तुझी भाषा, ही पुस्तकाची भाषा, दोन्ही येऊ देत’ असे मी कधी म्हणालो नाही. मी ‘चूक’ असे लिहिले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले तिला मी वर्षाला तीस वह्यांतून चूक ठरवीत होतो. कादंबरीत मात्र तीच बोली ‘वातावरणनिर्मिती’साठी वापरायला मला संकोच वाटला नाही.

कोणी विचारील, मग हा संमिश्र जिल्हा कोठेच कलेत नीट उतरला नाही काय? याचे उत्तर शोधताना मला दोन जागा दिसतात आणि दोन्ही छापील पुस्तकाबाहेरच्या आहेत. पहिली चंद्रपूरची महाकालीची यात्रा. देऊळ गोंड राणी हिराईने बांधलेले, आणि चैत्रात तेथे नांदेडकडून व तेलंगणातून माणसे लोटतात. देवीपुढे पोत नाचविणाऱ्या बाईला कोणी तिची भाषा विचारीत नाही. दुसरी जागा झाडीपट्टीची रंगभूमी. धान कापून झाले, दिवाळी सरली की वडशाहून नाटकमंडळ्या निघतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. त्यासाठी लेकीजावई येतात, सोयरिकी जुळतात, उधार-उसनवारीचा निकाल लागतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या वाचकांना या रंगभूमीचे नाव कळले. येथे तिला शाबासकीची वाट पाहावी लागली नव्हती.

पण समीक्षकाने प्रेमात पडून डोळे मिटू नयेत. ही नाटके पुष्कळदा ठराविक साच्याची असतात: व्यसनी मुलगा, सोशिक आई, पाटलाचा कावा, मध्येच लावणी. आदिवासी पात्र आले तर ते बहुधा हसविण्यासाठी येते, आणि मंचावरची भाषा मराठीच असते. म्हणजे रंगमंचावर जिल्हा नाही. तो मंडपात आहे. गोंड, कुणबी, बौद्ध, ढीवर, तेली आणि अलीकडे बंगालीही एकाच थंडीत, एकाच ताडपत्रीखाली पहाटेपर्यंत बसलेले असतात आणि एकाच जागी रडतात. लेखकाने मंचाकडे पाठ करून हा मंडप पाहिला तर त्याला त्याची कादंबरी सापडेल, असे मला पुष्कळदा वाटते.

ज्यांचे बोलणे आम्ही मोडून लिहिले ते गप्प राहिलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९७९ साली पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले ते आमच्या भद्रावतीत. तेव्हा मी पाळण्यातही नव्हतो, पण ज्या गावात मी आज भाजी आणतो त्या गावात ते भरले याचा मला अभिमान आहे. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’, उषाकिरण आत्राम यांची ‘म्होरकी’ हे संग्रह मराठीत आले, आणि त्यांतला आवाज कोणाची परवानगी मागत नाही. मेश्रामांनी तर गोंडी आणि इतर बोलींचे शब्द मराठी कवितेत असे आणले, की अडखळायचे तर ते वाचकाने अडखळावे. मोडक्या मराठीच्या प्रथेला दिलेले हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र कवितेत एक आवाज पुरतो. कादंबरीला दोघांचे बोलणे लागते, आणि दोघे वेगवेगळ्या भाषांचे असले तर ते कसे लिहावे हा प्रश्न कवितेने सुटत नाही. तो आम्हालाच सोडवावा लागेल.

मला जे सुचते ते साधे आहे. माडिया माणूस घरी माडियात बोलत असेल तर त्याचे बोलणे पूर्ण, समर्थ मराठीत लिहावे, कारण त्याच्या भाषेत ते पूर्णच असते. कचेरीत तो मराठीत अडखळत असेल तर तेथे अडखळू द्यावा, पण मग साहेबाला माडियाचा एक शब्द येत नाही हेही त्याच पानावर दिसू द्यावे. कोण कोणाची भाषा शिकला आणि कोणाला शिकावी लागली नाही, याकडे लेखकाचे लक्ष असले तर जिल्ह्यातला सत्तेचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाही. आणि हे करायचे तर लेखकाने निदान एक शेजारची भाषा शिकायला बसावे. गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबांना त्यांच्या नोकरीत देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. आम्हाला कोणी तसे सांगत नाही, म्हणून आम्ही शिकत नाही.

गेल्या वर्षभर मी त्या जुन्या विद्यार्थ्याकडून माडिया शिकतो आहे. प्रगती बेताचीच आहे. तो माझ्या वहीत चुका दाखवितो आणि तांबडी शाई वापरीत नाही. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल न निघेल, पण म्हाताऱ्याचे प्रकरण मी नव्याने लिहून काढले. त्यात तो शाळेच्या ओट्यावरून उठून आपल्या गावात गेला आहे, दोन भावांच्या बांधाचे भांडण सोडवितो आहे आणि सरळ, भरदार मराठीत बोलतो आहे. ते हस्तलिखित मी विद्यार्थ्याला वाचायला दिले. त्याने दोन दिवसांनी आणून दिले.

“आता आजा बोलतो,” तो म्हणाला. मग पाने चाळून एका ठिकाणी बोट ठेवले. “पण येथे नाही. येथे आजा नुसता हसला असता आणि विडी पेटविली असती.”

ते पान पुन्हा लिहायला घेतले आहे.